आईला बसवत नव्हतं

आई टेलिफोन खात्यात ट्रंक ऑपरेटर होती. कानाला हेडफोन, समोर बोर्डावर वायरींचं जंजाळ, आणि नागपूर, सोलापूर, मुंबई जोडून देत तासन्‌तास एका जागी बसायचं, हे तिचं काम. पुढे घरोघर फोन आले, कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडीची पिवळी बूथ उभी राहिली आणि तिचा बोर्ड एके दिवशी उचलून नेला. मग तिला बिलांच्या तक्रारींच्या खिडकीत बसवलं. तिथेही ती तशीच बसली. लोक तावातावाने यायचे, ती मान वर करून म्हणायची, "आपण आधी ठरवा, आपल्याला भांडायचंय की बिल कमी करून घ्यायचंय. दोन्ही एका खिडकीत होत नाही." घरीसुद्धा एकदा खुर्चीत बसली की वर्तमानपत्र पहिल्या पानापासून निविदांपर्यंत वाचून झाल्याशिवाय उठायची नाही. बसणं ही आईची प्रकृतीच होती. हे आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

वडील गेल्यावर ती आमच्याकडे कात्रजला राहायला आली. पेठेत जन्म गेलेली बाई, तिला कात्रज म्हणजे पुण्याबाहेर. "तिकडे सर्पोद्यानातले साप आणि डेअरीचं दूध सोडून आहे काय?" असं म्हणत आली आणि आल्या दिवशीच गॅलरीतली बरी खुर्ची बळकावली. मी तेव्हा हिंजवडीला नोकरीला लागले होते. तिकडे नुकत्याच काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या, रस्ते अजून व्हायचे होते. माझं काम टेस्टिंगचं. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या. आईला ते समजावून सांगितलं तर म्हणाली, "फुकट करत होतीस तेच. आता पगार मिळतो एवढंच."

तिला स्तनाचा कर्करोग निघाला. ऑपरेशन झालं, ते तिने निमूट करून घेतलं. त्यानंतर सहा केमो घ्यायच्या, तीन-तीन आठवड्यांच्या अंतराने, असं डॉक्टरांनी सांगितलं. सहाच्या सहा पुऱ्या व्हायला हव्यात, मध्ये सोडून चालणार नाही, हेही बजावलं.

केमो म्हटलं की आमच्या घरात एकच गोष्ट डोळ्यांसमोर आली, ती म्हणजे उलट्या. भेटायला येणारा प्रत्येक माणूस कुणाच्या तरी उलट्यांची हकीकत घेऊन यायचा. कुणाच्या साडूला पाणी टिकत नव्हतं, कुणाच्या शेजारणीने बादली उशाशी ठेवली होती. नारळपाणी प्यायचं, वेलदोडा चघळायचा, आवळासुपारी तोंडात ठेवायची, असे उपाय सांगून, चहा पिऊन माणसं निघून जायची. कर्करोगाला मी काहीच करू शकत नव्हते, मग मी उलट्यांच्या मागे लागले. ऑफिसात दुपारी जेवण सोडून इंटरनेटवर बसायचे. मळमळीवरची जुनी औषधं, नवी औषधं, इंजेक्शनं, जिभेवर विरघळणाऱ्या गोळ्या, कुठली पहिल्या दिवशी चांगली, कुठली नंतरच्या दिवसांत टिकते, सगळं वाचून काढलं. नवरा म्हणाला, "आईंसाठी औषध बघतेयस की मोबाइलचं मॉडेल?" मी त्याच्यावर भडकले. पण तो चुकीचं बोलत नव्हता. तुलना करत बसलं की काहीतरी आपल्या हातात आहे असं वाटायचं.

पहिल्या केमोनंतर घरी घ्यायला दिली ती विरघळणारी गोळी. तिला स्ट्रॉबेरीचा वास होता. आई म्हणाली, "दात गेल्यावर पेपरमिंट मिळायला लागली." पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी डोकं इतकं ठणकायला लागलं की तिने कपाळाला पंचा आवळून बांधला. पोट तर गच्चच झालं, आणि त्याविषयी ती जावयासमोरही सविस्तर बोलायला लागली, कारण पोट साफ होणं हा आमच्या माहेरी जेवणाच्या टेबलावरचा विषय. तिसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या. फोडणीच्या वासाने तिला कोरडे उमासे यायचे. मी फोडणी बंद केली. घरात आठवडाभर दहीभात आणि उकडलेले बटाटे. नवऱ्याने ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये जेवायला सुरुवात केली आणि मला ते कळू दिलं नाही.

उलटीपेक्षा आईला तिची लाज जास्त होती. जावई बाहेरच्या खोलीत असला की ती तोंडाला पदर लावून मोरीत जायची, आवाज होऊ नये म्हणून नळ सोडायची. मी दाराबाहेर उभी राहायचे. नळाच्या आवाजाआडूनही सगळं ऐकू यायचं, आणि मला रडू यायचं.

दुसऱ्या केमोला डॉक्टरांना हे सांगितलं. डॉक्टर तरुण होत्या, भराभर बोलणाऱ्या, भराभर चालणाऱ्या. बाहेर बाकांवर माणसं दाटीवाटीने बसलेली. त्या म्हणाल्या, "काकू, घरच्या गोळ्या बदलू या." विरघळणारी गोळी गेली आणि एक जुनी, छोटी पांढरी गोळी आली. जेवणाआधी अर्धा तास, दिवसातून तीन-चार वेळा. चवीला कडूजहर. आई तिला कडू गोळी म्हणायची, मग आम्हीही तेच म्हणायला लागलो.

कडू गोळीने कमाल केली. उलट्या थांबल्या. आईने चौथ्या दिवशी वरणभात खाल्ला, वर लिंबाची फोड मागून घेतली. मी ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्यांना सांगितलं, मावशीला फोन करून सांगितलं, रिक्षावाल्यालाही सांगितलं असेल. इतकं वाचून मी ज्या गोळीला जुनाट म्हणून बाजूला टाकलं होतं तीच कामाला आली, याचंही मला काही वाटलं नाही. आता उरलेल्या चार केमो पार पडणार असं मी धरून चालले.

आणि मग आई चालायला लागली.

आधी माझ्या लक्षात आलं नाही. गॅलरीतून दारापर्यंत, दारापासून स्वयंपाकघरापर्यंत, परत गॅलरी. मला वाटलं, बरं वाटतंय म्हणून फिरतेय. पण ती खुर्चीत बसायची आणि लगेच उठायची. वर्तमानपत्र उघडायची, पहिल्या पानावरचा मथळा पुरा व्हायच्या आत मिटायची. बसलीच तर पाय हलवत राहायची, एकावर एक टाकायची, काढायची. उभं राहिलं तरी वजन या पायावरून त्या पायावर. तिच्या पायांतल्या चपलांचा आवाज फरशीवर सतत चालू असायचा.

"आई, बस ना जरा."

"बसवत नाही गं."

"पाय दुखतायत का?"

"दुखत नाहीत. जीवाला चैन नाही." ती गॅलरीच्या कठड्याला दोन्ही हातांनी धरून उभी होती. "काहीतरी होणार आहे असं वाटतं."

"काय होणार आहे?"

"ते कळलं असतं तर बसून वाट बघितली असती."

मावशी, म्हणजे आईची धाकटी बहीण, मंडईतून भाजी घेऊन आली की आमच्याकडे डोकवायची. तिने एका नजरेत निदान केलं. "ताईने मनाला लावून घेतलंय. इतकी वर्षं खंबीर राहिली, आता खचली. ताई, नामस्मरण कर." आईने जपाची माळ घेतली. पण माळ घेऊन बसायचं असतं आणि तिला तर बसवत नव्हतं. ती चालत चालत जप करायला लागली. मणी भराभर सरकायचे, ओठ भराभर हलायचे, आणि चेहरा असा की कुणीतरी पाठीमागे लागलंय. नवऱ्याने तिच्या आवडीच्या मालिका लावून दिल्या. तिने पडद्याकडे पाठ करून येरझारा घातल्या. मी तिला समजावलं, मग रागावले, मग रागावल्याबद्दल परत जवळ घेतलं. ती माझ्या मिठीतही स्थिर राहिली नाही.

मी तेव्हा काय समजले ते सांगते. मला वाटलं, आईला कळलंय. रिपोर्टात जे दिसत नाही, डॉक्टर जे सांगत नाहीत, ते तिच्या शरीराला आतून कळलंय. जनावरांना भूकंप आधी कळतो म्हणतात, तसं काहीतरी. हे मी कुणाला बोलले नाही. सकाळी कंपनीच्या बसमध्ये बसले की तिचा कठडा धरलेला हात डोळ्यांसमोर यायचा आणि बस चांदणी चौकात पोचेपर्यंत तो हलायचा नाही.

आता तुम्ही विचाराल की हे सगळं डॉक्टरांना का नाही सांगितलं. त्याचं उत्तर आमच्या घरच्या रीतीत आहे. आमच्याकडे ताप, कफ, शौच आणि उलट्या डॉक्टरांना सांगतात. भीती, उदासी, जीव घाबरणं हे डॉक्टरांना सांगायचं नसतं. ते मावशीला सांगायचं, देवाला सांगायचं, फार झालं तर स्वतःशी ठेवायचं. कामात असलेल्या माणसाला मनाचं रडगाणं ऐकवणं हा आई असभ्यपणा समजते. शिवाय जगातल्या प्रत्येकाला सडेतोड बोलणारी माझी आई डॉक्टरांपुढे मात्र इतकी अदबशीर व्हायची की मला ओळखू यायची नाही.

तिसऱ्या केमोला डॉक्टरांनी विचारलं, "काकू, उलट्या?"

"अजिबात नाहीत. आपल्या औषधाने फार गुण आला."

"जेवण?"

"व्यवस्थित. आपले उपकार आहेत."

डॉक्टर खूश झाल्या. "मग हेच चालू ठेवू." विचारलेल्या प्रश्नांची आईने खरी उत्तरं दिली होती. तिच्या शेजारी मीही बसले होते आणि मीही मान डोलावली, कारण कागदावर सगळं उत्तमच होतं. उत्तरं देताना आई खुर्चीच्या टोकावर होती आणि तिची टाच जमिनीवर टकटक वाजत होती. आम्हा तिघींपैकी कुणीही त्या टाचेकडे बघितलं नाही.

तिसऱ्या केमोनंतर सगळं वाढलं. तिला घरात कोंडल्यासारखं व्हायला लागलं. दार लावलं की दचकायची. जिना उतरून खाली जायची, सोसायटीच्या आवारात फेऱ्या मारायची, दमून वर यायची आणि दमलेली असूनही परत उठायची. ऑपरेशनला हूं की चूं न केलेली बाई संध्याकाळी दिवे लागताना माझा हात धरून म्हणाली, "मला इथून घेऊन चल." कुठे, ते तिला सांगता येत नव्हतं.

आणि मग एका सकाळी चहाचा कप हातात घेऊन, उभ्या उभ्याच तिने जाहीर केलं, "चौथ्या केमोला मी जाणार नाही."

मावशी नेमकी तिथे होती. तिने डोळ्यांना पदर लावला. मी मात्र वाद घातला. अर्धवट सोडून चालत नाही, डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलंय, उलट्या थांबल्यात, रक्त बरं आहे, मग आता काय?

"उलट्यांना मी घाबरले होते का कधी?" आईचा आवाज चढला. "नळ सोडून केल्या, तुम्हाला त्रास नको म्हणून. हे निराळं आहे. हे माझ्याच्याने सहन होत नाही. माझा शेवट जवळ आलाय हे मला कळतंय. मग तो त्या सुया टोचून घेत कशाला करू? आणि मला ओढून नेशील तर याद राख."

तिने कप ठेवला आणि चालायला लागली. मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभी राहिले. हातपाय गार पडणं म्हणजे काय हे मला त्या दिवशी कळलं. आई केमो सोडणार, आणि मग जे होईल ते मी बघत बसणार. तिच्यावर जबरदस्ती करता येणार नव्हती. तिच्यावर जबरदस्ती कधी कुणाला करताच आली नव्हती.

मी रजा टाकली. काय करायचं ते माहीत नव्हतं, पण तिला एकटी सोडायची हिंमत नव्हती.

त्याच दिवशी कडू गोळ्यांचं पाकीट संपलं. सकाळची गोळी शेवटची होती आणि दुपारच्या जेवणाआधीची हवी होती. मी खालच्या औषधांच्या दुकानात गेले तर शटर खाली. दुपारी दुकान बंद ठेवण्याची पुण्याची पद्धत कात्रजपर्यंत पोचलेली होतीच. शटरवर पाटी होती, ‘दुकान चार वाजता उघडेल. शटर वाजवल्यास साडेचारला.’ एरवी मी हसले असते. त्या दिवशी मला ते दुकान पेटवून द्यावंसं वाटलं. स्कूटर काढून स्वारगेटला जाते म्हटलं तर आई म्हणाली, "काही नको. मला कुठे पंगतीला बसायचंय? घास-दोन घास खाईन." चारला परत गेले तर शटर खालीच. साडेचारलाही तेच. कुणाकडे तरी लग्न होतं म्हणे. शेवटी स्कूटर काढलीच, गर्दीतून स्वारगेटला गेले, गोळ्या घेतल्या आणि परत आले तेव्हा दिवेलागण झाली होती.

दार उघडलं आणि मी उंबऱ्यातच थांबले. आई खुर्चीत बसली होती. मांडीवर परात, परातीत मेथी. ती पानं खुडत होती, एकेक काडी नीट बघून. पाय जमिनीवर स्थिर. तिने मान वर केली. "अशी काय बघतेस? जुडीत अर्धं गवत होतं. तुझी मावशी भाजी घेते की बांधावरचा चारा?"

मला इतकं बरं वाटलं की मी विचारच केला नाही. वाटलं, सकाळी मन मोकळं केलं म्हणून शांत झाली असेल. किंवा हार मानली म्हणून. तिला गोळी दिली, तिने तोंड वाकडं करून गिळली, आणि मी भाताचा कुकर लावायला गेले. ताटं घेईपर्यंत बाहेरून चपलांचा आवाज यायला लागला.

मी डाव हातात घेऊन तशीच उभी राहिले. आमच्या कामात एक शिस्त असते. काहीतरी बिघडलं की दहा ठिकाणी हात घालायचा नाही. एक गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं आणि बघायचं. एरवी हे करायला आम्ही मुद्दाम बसतो. इथे एका दुकानाच्या बंद शटरने ते आपसूक करून ठेवलं होतं. दुपारभर आजार तोच होता, आई तीच होती, घर तेच होतं. फक्त गोळी नव्हती.

मी बाहेर गेले. "आई, तुला हे गोळीने होतंय."

ती थांबली नाही. "काय होतंय?"

"हे चालणं. ही भीती. दुपारी गोळी नव्हती तर तू मेथी निवडत बसली होतीस."

मला वाटलं होतं तिला आनंद होईल. ती संतापली. "म्हणजे मी घाबरतेय तेसुद्धा खरं नाही? कॉम्प्युटर समजलीस का मला? गोळी उलटीची आहे. पोटात जाते. माझ्या जीवाचा आणि तिचा काय संबंध?"

जेवण झालं नाही. ती चालत राहिली आणि मी तिच्याकडे बघत राहिले, आणि मला स्वतःचीच खात्री वाटेना. आपल्याला हवं तेच दिसतंय का? मी डॉक्टर नाही. इंटरनेटवर वाचलेल्या तुलनांमध्ये प्रत्येक गोळीच्या खाली बारीक अक्षरांत पुष्कळ काही लिहिलेलं असायचं, ते मी वगळलेलं होतं, कारण मी फक्त उलट्या शोधत होते.

सकाळी वेळ न घेताच आम्ही दवाखान्यात गेलो. आई यायला तयार नव्हती. "केमोला नाही, फक्त विचारायला," असं म्हटल्यावर आली. डॉक्टरांनी चष्म्यावरून बघितलं. "काकू, उलट्या आहेत का?"

"अजिबात नाहीत," आई म्हणाली, "आपल्या कृपेने."

"तिला बसवत नाही," मी म्हणाले. माझा आवाज नको तितका मोठा झाला. "ती दिवसभर चालते. तिला भीती वाटते. तिला वाटतं ती मरणार आहे. गोळी घेतली नाही की थांबतं."

आईने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जणू मी चारचौघांत तिचा पदर ओढला होता. डॉक्टरांनी मात्र हातातलं पेन खाली ठेवलं. पहिल्यांदाच त्या भराभर बोलल्या नाहीत. "काकू, पाय एका जागी ठेवले की आतून काहीतरी ढकलतं का? बसल्यावर जास्त, चाललं की थोडं कमी? आणि उगाच धडकी भरते?"

आई हळू म्हणाली, "हे आपल्याला कुणी सांगितलं?"

"काही जणांना या गोळीने होतं. मळमळ थांबवायला ती मेंदूपर्यंत जाते, तिथे हा गोंधळ करते. मी विचारायला हवं होतं. मी उलट्यांचंच विचारत राहिले."

"आणि मीही त्यांचंच सांगत राहिले," आई म्हणाली. तिची टाच अजून हलत होती, पण आता ती स्वतः टाचेकडे बघत होती. "म्हणजे माझा शेवट जवळ आलाय असं जे मला कळत होतं…"

"ते या गोळीला माहीत नसतं, काकू. मलाही माहीत नाही."

मग डॉक्टरांनी पर्याय मांडले. कडू गोळी आजपासून बंद. केमोच्या दिवशी दुसरं, जरा नवं इंजेक्शन देता येईल. घरी परत ती विरघळणारी गोळी. डोकं दुखेल, पोट गच्च होईल, त्यासाठी वेगळं औषध. "पण खरं सांगते, तिसऱ्या-चौथ्या दिवशी मळमळ परत येईल. कडू गोळीने उलट्या जशा पूर्ण थांबल्या, तशा थांबणार नाहीत." इतके आठवडे मी ज्या तुलनेच्या मागे होते ती अशी दोन वाक्यांत माझ्यासमोर आली. एका बाजूला उलट्या, दुसऱ्या बाजूला आई.

"येऊ देत उलट्या," आई म्हणाली. "त्या निदान मोरीत जाऊन करता येतात."

"आणि चौथी केमो?" डॉक्टरांनी विचारलं.

"बघू," आई म्हणाली.

त्या ‘बघू’ने मला पुढचे दिवस खाल्लं. गोळी बंद झाल्यावर तिचं चालणं हळूहळू थांबलं. दोन दिवसांत ती खुर्चीत बसायला लागली, आठवड्यात निविदांपर्यंत पोचली. मावशीला तिने सुनावलं, "नामस्मरणाने नाही, दुकान बंद होतं म्हणून बरी झाले." मावशी म्हणाली, "दुकान बंद ठेवायची बुद्धी त्याला कुणी दिली?" आईने वर्तमानपत्र उघडलं. घरात परत हसणं आलं. पण चौथीचं नाव तिने काढलं नाही आणि मीही काढलं नाही. विचारलं आणि तिने नाही म्हटलं तर? आता तर दोष द्यायला गोळीही उरलेली नव्हती. स्वयंपाक करताना, बसमध्ये, ऑफिसात पडद्यासमोर माझं तेच चालू असायचं. जाईल का? नाही गेली तर? कॅलेंडरकडे बघायचं टाळायचे आणि आठवत तेवढंच राहायचं.

चौथ्या केमोच्या सकाळी मी उठले तर आई न्हाऊन, इस्तरीची साडी नेसून तयार होती. डोक्याला रुमाल बांधलेला. "रिक्षा बोलव," म्हणाली. एवढंच. मी तशीच खाली धावले, न जाणो मन बदललं तर. नवराही रजा घेऊन बरोबर निघाला.

वॉर्डात ओळीने खुर्च्या होत्या. तिला खिडकीशेजारची मिळाली. ती बसली, पाय जुळवून, हात मांडीवर, अगदी बोर्डासमोर बसत असेल तशी. कुठलीच हालचाल नाही. मी तिच्या शेजारी स्टुलावर बसले आणि म्हणाले, "बघ, किती शांत बसलीस. गेली ना भीती?"

"गेली कुठे?" ती म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं. ती खिडकीबाहेर बघत होती.

"ती गोळीची होती, ती गेली. त्या वेळी बरं होतं एका अर्थी, मरण जवळ आलंय असं वाटायचं आणि या छळातून एकदाची सुटेन असं वाटायचं. आता तसं वाटत नाही. आता मला जगायचंय, म्हणून भीती वाटतेय." तिचा आवाज अगदी खाली आला. "मला मरायचं नाहीये गं."

असं ती आयुष्यात कधी बोलली नव्हती. वडील गेले तेव्हा नाही, गाठ निघाली तेव्हा नाही. मला वाचलेलं सगळं आठवत होतं, प्रत्येक गोळी, प्रत्येक इंजेक्शन, आणि त्यातलं काहीही यावर चालणार नव्हतं. "मलाही भीती वाटते," मी म्हणाले. "पहिल्या दिवसापासून वाटते."

"माहीत आहे," ती म्हणाली. "तुझी बोटं गार असतात." तिने माझा हात घेतला आणि आपल्या मांडीवर ठेवला.

नर्स ट्रे घेऊन आली. आईने माझा हात सोडला नाही, दुसऱ्या हाताची बाही वर करून तो पुढे केला. "टोचा," ती म्हणाली, आणि मग माझ्याकडे वळून, "उलट्या सुरू झाल्या की जावयाला बाहेर पाठव. तू थांब."